गुळाच्या पट्टीतून प्रगत वेब डेव्हलपमेंट: एका सेमिस्टरची आखणी

हे मार्गदर्शन बी.टेक.च्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या आणि एमसीए, एमएस्सी करणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट येते, लॉगिन आणि चार फॉर्म असलेला मिनी प्रोजेक्ट करून झालाय, आता पुढे काय? बहुतेक जण इथे आणखी एक फ्रेमवर्क उचलतात. त्याने बायोडेटा लांबतो. पण दोघांनी एकाच क्षणी एकच माल विकला तर काय होते, पाच लाख नोंदी झाल्यावर पान का अडकते, एकाचा हिशेब दुसऱ्याला कसा दिसला, याची उत्तरे त्यात मिळत नाहीत. प्रगत भाग म्हणतात तो हाच. तो शिकायचा सरळ मार्ग म्हणजे सेमिस्टरभर एकच ॲप घ्यायचे, ते मुद्दाम मोडायचे, का मोडले ते मोजायचे आणि दुरुस्त करायचे.

विषय गावातलाच घ्या. कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डातली गुळाची अडत (दलालीवर माल विकणारी पेढी) यासाठी फार चांगली आहे. शेतकरी गूळ आणतो, सौदा होतो, वजन आणि क्विंटलचा दर लागतो, हमाली-तोलाई वगैरे वजा होऊन पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबाची पावती, निघते. यात पैसा आहे, एकाच वेळी काम करणारे दोन-तीन दिवाणजी आहेत, मराठी नावे आहेत, शेतकरी, अडत्या आणि खरेदीदार अशा वेगळ्या भूमिका आहेत. हंगामात एक सकाळ सौद्याला जाऊन उभे राहा आणि एखादी जुनी पट्टी बघायला मागा. कोणते रकाने आहेत, कोणते हाताने खोडून लिहिलेत, हे पाहिल्याशिवाय तक्ते आखू नका. खऱ्या शेतकऱ्यांची नावे, फोन नंबर मात्र डेटाबेसमध्ये घालायचे नाहीत. नोंदी बनावटच तयार करा.

तयारी

गट तिघांचा ठेवा. चौथा आला की एक जण फक्त रिपोर्ट टाइप करतो. लॅपटॉपला ८ जीबी रॅम चालते, डॉकरमध्ये सगळे चालवणार असाल तर १६ बरी. डेटाबेस पोस्टग्रेस. सर्व्हरची भाषा जी हाताशी आहे ती, म्हणजे नोड, पायथन किंवा जावा. पहिला महिना पाने सर्व्हरवरूनच तयार करून पाठवा, रिॲक्ट नको. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात नेमके काय जाते-येते ते उघड्या डोळ्यांनी दिसायला हवे, आणि मध्ये मोठी लायब्ररी असली की ते दिसत नाही. मायक्रोसर्व्हिसेसचा (एकाच ॲपचे वेगवेगळे चालणारे तुकडे) विचारही करू नका; तिघांच्या गटाला पाच सर्व्हिसेस सांभाळताना डीबगिंगशिवाय दुसरे काही करता येत नाही.

पहिले दोन आठवडे: एचटीटीपी

ब्राउझर बाजूला ठेवून कर्ल या कमांडने रिक्वेस्ट पाठवा आणि हेडर वाचा. फॉर्म सेव्ह झाल्यावर सर्व्हरने २०० (सगळे ठीक) हा स्टेटस कोड देऊन तेच पान दाखवले, तर रिफ्रेश केल्यावर तीच नोंद पुन्हा जाते. म्हणून सेव्ह झाल्यावर ३०३ देऊन दुसऱ्या पत्त्यावर पाठवायचे. शिल्लक नसताना विक्री आली तर ४०९ (सध्याच्या स्थितीशी संघर्ष). आजच्या दराच्या पानाला ईटॅग (पानाच्या आवृत्तीची खूण) लावा आणि दुसऱ्यांदा मागितल्यावर ३०४ (पान बदललेले नाही) येतो का, किती बाइट वाचले, ते वहीत लिहा.

कॅशिंगमध्ये (पानाची प्रत साठवून पुन्हा वापरण्यात) ‘कॅश-कंट्रोल’ हेडर लावताना दोन चुका नेहमी होतात. पहिली: ‘नो-कॅश’ म्हणजे साठवू नका असे समजणे. त्याचा अर्थ साठवा, पण वापरण्याआधी सर्व्हरला विचारा. अजिबात साठवायचे नसेल तर ‘नो-स्टोअर’. दुसरी चूक धोक्याची आहे: लॉगिन केलेल्या माणसाच्या पानाला ‘पब्लिक’ लावणे. मधल्या सामायिक कॅशने ते पान ठेवले की एका शेतकऱ्याची पट्टी दुसऱ्याच्या फोनवर उघडते. दरांच्या पानाला ‘पब्लिक’ आणि ३० सेकंद चालतील, पट्टीला ‘नो-स्टोअर’च.

डेटाबेस: इथे सर्वात जास्त वेळ द्या

पाच आठवडे तरी इथे घालवा. बाकी सगळे नंतर भरून काढता येते. चुकीच्या तक्त्यांवर उभे केलेले ॲप मात्र भरून निघत नाही.

आधी पैसे. फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) वापरायचा नाही. ०.१ अधिक ०.२ याचे जावास्क्रिप्टमध्ये ०.३०००००००००००००००४ येते, आणि दिवसाच्या शेवटी बेरीज पैशा-दोन पैशांनी जुळत नाही. वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवा. उदाहरणादाखल ३४७.५ किलो गूळ, दर क्विंटलला ४,१५० रुपये. ३,४७,५०० ग्रॅम गुणिले ४,१५,००० पैसे, भागिले १,००,००० ग्रॅम: उत्तर १४,४२,१२५ पैसे, म्हणजे १४,४२१ रुपये २५ पैसे. पण मधला गुणाकार १४,४२१ कोटींच्या पुढे जातो आणि साध्या ३२ बिटी इंटीजरची मर्यादा २१४ कोटी ७४ लाखांच्या आसपास आहे. पोस्टग्रेस तिथे ‘इंटीजर आउट ऑफ रेंज’ म्हणून थांबतो. जावा थांबतही नाही, चुकीचा आकडा देऊन पुढे जाते. म्हणून हे रकाने बिगइंट (६४ बिटी पूर्णांक) करा.

राउंडिंग एकाच ठिकाणी करा. पोस्टग्रेसचा न्यूमरिक ०.५ चा १ करतो, पायथनचा राउंड ०.५ चा ० करतो, कारण तो जवळच्या सम संख्येकडे जातो. स्क्रीनवरचा आकडा पायथनने आणि छापील पट्टीवरचा डेटाबेसने काढला, की दोन्हींत फरक पडतो आणि अडत्याचा विश्वास पहिल्याच दिवशी उडतो.

मग एकाच वेळी होणारे काम. हा प्रयोग करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. शिल्लक ४० रवे (गुळाच्या ढेपा) आहेत. दोन टर्मिनल उघडा, दोन्हींत ट्रान्झॅक्शन (एकतर पूर्ण होणारा किंवा अजिबात न होणारा बदलांचा संच) सुरू करा, दोन्हींत शिल्लक वाचा. दोघांना ४० दिसतात. दोघेही ३० विकतात, कोड वजाबाकी करून ‘शिल्लक १०’ असे लिहितो, दोन्ही कमिट (पक्की) होतात. विकले ६०, शिल्लक १०, आणि कुठेही एरर नाही. ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून वेगळी ठेवण्याची पोस्टग्रेसची नेहमीची पातळी ‘रीड कमिटेड’ आहे आणि ती हे थांबवत नाही. ट्रान्झॅक्शन लावले म्हणजे सुरक्षित झाले, हा समज इथेच मोडतो.

दुरुस्तीचे तीन मार्ग आहेत, तिन्ही करून बघा. पहिला आणि बहुतेक वेळा पुरेसा: वाचून वजा करू नका, अपडेटमध्येच ‘शिल्लक वजा ३०’ लिहा आणि अट घाला की शिल्लक ३० किंवा जास्त असेल तरच. दुसरा दिवाणजी पहिल्याच्या कमिटची वाट पाहतो, नवी शिल्लक १० पाहून त्याची अट पुन्हा तपासली जाते आणि शून्य ओळी बदलतात. शून्य आल्यास ४०९ द्या. ही तपासणी विसरली तर वरवर सगळे ठीक दिसते आणि पट्टी मात्र निघते. दुसरा मार्ग ‘सिलेक्ट फॉर अपडेट’, म्हणजे वाचतानाच ओळ अडवायची. दोन ओळी अडवायच्या असतील तर नेहमी लहान आयडीपासून, नाहीतर डेडलॉक (दोघे एकमेकांसाठी अडून बसणे) ठरलेला. तिसरा ‘सिरियलायझेबल’ पातळी. तिथे ४०००१ एरर आल्यास संपूर्ण ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवावे लागते. वर शिल्लक ऋण होऊ नये असा चेक कन्स्ट्रेंटही ठेवा. कोड चुकला तरी डेटाबेसने नकार द्यायला हवा.

रेंज कमी असली की माणूस ‘सेव्ह’ दोनदा दाबतो. फॉर्म उघडतानाच एक यादृच्छिक किल्ली त्यात घाला आणि तिच्यावर युनिक कन्स्ट्रेंट ठेवा. दुसरी नोंद आपोआप अडते. बटण निष्क्रिय करून हे सुटत नाही, कारण उत्तर वाटेत हरवल्यावर ब्राउझर स्वतःही रिक्वेस्ट पुन्हा पाठवू शकतो.

पट्टी क्रमांकासाठी सिक्वेन्स (डेटाबेसचा आपोआप वाढणारा आकडा) वापरू नका. ट्रान्झॅक्शन मागे घेतले तरी सिक्वेन्सचा आकडा मागे येत नाही, त्यामुळे ११७ नंतर थेट ११९ येतो आणि ऑडिटर विचारतो, ११८ कुठे गेली? आर्थिक वर्षागणिक एक ओळ असलेला छोटा तक्ता करा, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये तो एकाने वाढवा आणि तोच आकडा घ्या. यामुळे पट्ट्या एकापाठोपाठ एकच निघतील, वेग थोडा कमी होईल. अडतीच्या कामाला तो पुरतो.

तारखेचा घोळ हमखास होतो. सर्व्हर यूटीसीवर असतो आणि आपण साडेपाच तास पुढे. पहाटे ५:३० च्या आत केलेली नोंद यूटीसीने तारीख काढल्यास आदल्या दिवसात जाते. १ एप्रिलच्या पहाटे तर ती मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. वेळ टाइमझोनसह साठवा, पण पट्टीची तारीख ‘एशिया/कोलकाता’ने काढून वेगळ्या रकान्यात ठेवा.

वेग तपासायचा तर पन्नास नोंदींवर काहीच कळत नाही. जनरेट-सिरीजने पाच लाख पट्ट्या तयार करा आणि एका शेतकऱ्याच्या ताज्या २० पट्ट्या मागा. एक्सप्लेन अॅनालाइझमध्ये सिक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे सगळा तक्ता ओळीने वाचणे, दिसेल. फॉरेन की (दुसऱ्या तक्त्याशी जोडणारा रकाना) लावली म्हणजे इंडेक्स झाला असे पुष्कळांना वाटते. पोस्टग्रेस फॉरेन कीच्या रकान्यावर स्वतःहून इंडेक्स करत नाही. शेतकरी आयडी आधी आणि तारीख नंतर असा जोड-इंडेक्स करा, मग क्रम उलटा करून पाहा आणि दोन्ही वेळा लिहून ठेवा. ओआरएम (एसक्यूएल स्वतः तयार करणारी लायब्ररी) वापरत असाल तर त्याचा क्वेरी लॉग चालू करा. ५० पट्ट्यांच्या यादीला ५१ क्वेरी जाताना दिसतील. लॅपटॉपवर ते जाणवत नाही; डेटाबेस दुसऱ्या मशीनवर गेला आणि प्रत्येक फेरीला ५ मिलिसेकंद लागले, तर नुसत्या ये-जा करण्यातच पाव सेकंद जातो.

मराठी मजकूर

शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात बनणाऱ्या ॲपमध्ये मराठी नावे येणारच, आणि अभ्यासक्रमात या भागाला क्वचितच तास मिळतो. म्हणून थोडे सविस्तर.

‘कोल्हापूर’ या शब्दात ९ कोड पॉइंट आणि यूटीएफ-८ मध्ये २७ बाइट आहेत, कारण देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट ३ बाइट घेतो. लांबी मोजून शब्द कापला तर मात्रा तुटते. कापायचेच असेल तर जावास्क्रिप्टमध्ये सेगमेंटर वापरा.

शोध का चुकतो? ‘कऱ्हाड’मधला ऱ्ह तीन प्रकारे टाइप होऊ शकतो: स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त, साधा ‘र’, नुक्ता आणि हलन्त, किंवा ‘र’, हलन्त आणि अदृश्य झीरो-विड्थ जॉइनर. दिसायला तिन्ही सारखे, डेटाबेसला तिन्ही वेगळे. एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोड मजकूर एका ठरलेल्या रूपात आणणे) पहिले दोन एक करते, तिसऱ्याला हात लावत नाही. सरसकट जॉइनर काढून टाकला तर ‘र्ह’ असा रफार होतो आणि शब्दच बदलतो. म्हणून क्रम असा: आधी एनएफसी, मग ‘र, हलन्त, जॉइनर’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’, आणि शेवटी उरलेले जॉइनर काढा. ‘ॲ’ आणि अ-वर चंद्र दिलेला ‘अॅ’ हेही एनएफसीने एक होत नाहीत, त्यांच्यासाठी नियम लिहा. हे सगळे शोधासाठीच्या वेगळ्या रकान्यात करा. माणसाने स्वतःचे नाव जसे लिहिले तसेच मूळ रकान्यात राहू द्या.

क्रमवारीत कळंबा आणि कसबा बावडा घालून बघा. नुसत्या कोड पॉइंटच्या क्रमाने कळंबा आधी येतो, कारण युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारी आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, म्हणून कसबा बावडा आधी हवा. मराठीचे आयसीयू कोलेशन (क्रमवारीचे नियम) लावा आणि या दोन नावांची टेस्ट कायम ठेवा.

आकडे: जावास्क्रिप्टला ‘४१५०’ देऊन नंबर मागितला तर नॅन (‘आकडा नाही’) मिळतो, पायथनचा इंट मात्र तो नीट वाचतो. फॉर्ममध्ये टाइप ‘नंबर’ न ठेवता ‘टेक्स्ट’ आणि इनपुटमोड ‘डेसिमल’ ठेवा, आणि सर्व्हरच्या दारातच मराठी अंक बदलून घ्या.

लॉगिन आणि परवानगी

पासवर्डच्या हॅशिंगसाठी अर्गॉन-२-आयडी घ्या; किमान १९ एमआयबी मेमरी, २ फेऱ्या, १ पॅरललिझम. बीक्रिप्ट वापरणार असाल तर त्याची ७२ बाइटची मर्यादा लक्षात ठेवा: देवनागरी पासवर्डचे ते फक्त २४ कोड पॉइंट होतात, आणि काही लायब्ररी पुढचा भाग गुपचूप सोडून देतात. सेशन आयडी कुकीत, ‘एचटीटीपी-ओन्ली’, ‘सिक्युअर’ आणि ‘सेमसाइट लॅक्स’ लावून. जेडब्ल्यूटी (सही केलेले लॉगिन टोकन) ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवण्याची पद्धत ट्यूटोरियलमधून पसरली आहे. पानात एक एक्सएसएस (परकी स्क्रिप्ट घुसवता येणारी त्रुटी) सापडला की टोकन चोरीला जाते आणि मुदत संपेपर्यंत ते रद्द करणे अवघड असते. अशा ॲपसाठी सर्व्हरवरचे सेशनच घ्या.

ओवॅस्प या वेब-सुरक्षा संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत पहिला क्रमांक तुटलेल्या परवानगी-तपासणीचा आहे आणि विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये तो जवळजवळ नेहमी सापडतो. पत्त्यातला १०४२ बदलून १०४३ करा. दुसऱ्याची पट्टी उघडली? मग लॉगिन आहे, परवानगी नाही. पट्टी शोधतानाच क्वेरीत मालकाची अट हवी, आणि न सापडल्यास ४०४. तीन भूमिका आणि बारा रूट (ॲपमधले पत्ते) असतील तर छत्तीस तपासण्या होतात. त्या टेस्टमध्ये लिहा, हाताने कोणीही करत नाही.

थेट दर

सौद्याचा दर क्षणात फोनवर दिसावा यासाठी सगळे जण वेबसॉकेटकडे (दोन्ही दिशांनी चालणारे कायम कनेक्शन) धावतात. इथे माहिती एकाच दिशेने जाते, त्यामुळे सर्व्हर-सेंट इव्हेंट्स पुरतात. तुटलेले कनेक्शन ब्राउझर स्वतः जोडतो आणि शेवटच्या इव्हेंटचा आयडी परत पाठवतो. मधले दर द्यायची जबाबदारी तुमची. लॅपटॉपवर चालते आणि सर्व्हरवर काहीच येत नाही, तर पुढे बसवलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरचे प्रॉक्सी बफरिंग बंद करा. बरोबर मिनिटाने तुटत असेल तर त्याची ६० सेकंदांची रीड टाइमआउट आड येते. दर १५-२० सेकंदांनी एक रिकामी कॉमेंट ओळ पाठवत राहा. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका साइटला सहाच कनेक्शन देतो, त्यामुळे सातवा टॅब लटकतो. एचटीटीपी २ चालू करा.

गुळाऐवजी दुसरा विषय हवा असेल तर राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी घ्या. इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. नोंद तासाला एखादी, पण २०१९ किंवा २०२१ सारखा पूर आला की तेच पान सगळे शहर उघडणार. तिथे ट्रान्झॅक्शनचा अभ्यास थोडा आणि कॅशिंग व ऑफलाइन सर्व्हिस वर्करचा (नेट नसतानाही पान दाखवणारी ब्राउझरमधली स्क्रिप्ट) फार होतो. जुनी पातळी ताजी म्हणून दाखवणे तिथे जिवावर बेतू शकते, म्हणून आकड्याशेजारी नोंदीची वेळ ठळक हवीच.

जुन्या फोनवर

यार्डातला फोन तुमच्या लॅपटॉपसारखा नाही. डेव्हटूल्समध्ये नेटवर्क आणि सीपीयू दोन्ही मंद करून मोजा. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत, टॅपला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत, लेआउटची हालचाल ०.१ च्या आत, आणि हे ७५ व्या पर्सेंटाइलला, म्हणजे शंभरपैकी निदान ७५ भेटींत. देवनागरी फॉन्ट जोडाक्षरांमुळे जड असतात. सबसेट करताना (नको ती अक्षरे काढून फॉन्ट हलका करताना) जोडाक्षरांचे ग्लिफ (अक्षरांची चित्रे) गळले तर ‘क्ष’ फुटून हलन्त दिसू लागतो. फॉन्ट-डिस्प्ले ‘स्वॅप’ ठेवा. रिॲक्ट आणायचे असेल तर आता आणा, आधी आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून.

सर्व्हरवर चढवणे आणि ताण देणे

एक साधा लिनक्स व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), पुढे एनजिनएक्स, ॲप सिस्टमडीखाली, लेट्स एन्क्रिप्टचे सर्टिफिकेट. ते ९० दिवसांचे असते. आपोआप नूतनीकरण चाचणी म्हणून एकदा चालवून बघा, नाहीतर नेमके व्हायवाच्या आठवड्यात संपते.

मग के-६ या लोड-टेस्टिंग साधनाने ताण द्या. आधी कागदावर अंदाज काढा: पूलमध्ये (डेटाबेसशी उघडी ठेवलेली कनेक्शन) १० कनेक्शन, प्रत्येक रिक्वेस्ट कनेक्शन ५० मिलिसेकंद धरून ठेवते, तर सेकंदाला २०० पेक्षा जास्त होणारच नाहीत. पुढच्या रिक्वेस्ट रांगेत थांबतात आणि ९५ वा पर्सेंटाइल एकदम वर जातो. सरासरी पाहू नका, ती हे झाकते. पूल १० वरून २०० केला की सुटेल असे वाटते. पोस्टग्रेसची नेहमीची कमाल १०० आहे, त्यामुळे नुसते कनेक्शन नाकारले जातील. खरा उपाय ५० चे १० मिलिसेकंद करणे हा असतो. ताण देणारे मशीन सर्व्हरहून वेगळे असू द्या, आणि कॉलेजच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरवर परवानगीशिवाय हे करू नका.

बॅकअप रोज घ्या आणि सेमिस्टरमध्ये निदान एकदा संपूर्ण डेटाबेस नव्या मशीनवर परत उभा करा. किती मिनिटे लागली, किती नोंदी हरवल्या, कोणता पासवर्ड कोणालाच आठवला नाही, हे सगळे लिहा.

रिपोर्टमध्ये स्क्रीनशॉट चार पुरेत. त्याऐवजी प्रत्येक दुरुस्तीचे एक पान द्या: काय मोडले, कसे मोडून दाखवायचे, कारण, बदललेला कोड, आधीचा आणि नंतरचा आकडा. व्हायवाला ते दोन टर्मिनल उघडून ४० रव्यांतून ६० विकून दाखवा, मग दुरुस्त केलेली शाखा चालवा आणि दुसऱ्या दिवाणजीला ४०९ येतो तो दाखवा.